डोस लिहिलेला होता, सिस्टरनी दिला नाही. बरोबर की चूक?

आगरातली
गेल्या महिन्यात आई कुडाळजवळच्या एका छोट्या खासगी दवाखान्यात चार दिवस होती. वय ७१, पायाला जखम, साखर वाढलेली. केसपेपरवर सकाळ-संध्याकाळ जेवणाआधी ३०/७० वालं (३० टक्के लवकर, ७० टक्के हळू चालणारं) मिक्स इन्शुलिन, संध्याकाळचे १४ युनिट.

तिसऱ्या दिवशी संकष्टी. आईने कोणाला पत्ता लागू दिला नाही. डबा आला तो उशाशी झाकून ठेवला. चंद्रोदय नऊनंतर, आणि त्या पावसात चंद्र कसला दिसतोय! साडेसातला सिस्टर इंजेक्शन घेऊन आल्या. डब्याचं झाकण काढून बघितलं.
"आजी, जेवला नाहीत?"
"जेवते गो मागाहून."
त्यांनी बोट टोचून साखर बघितली, ९२. सिरिंज परत ट्रेमध्ये ठेवली आणि डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर उखडले. "लिहिलंय ना मी? मग द्यायचं. सगळं मलाच विचारायचं तर तिथे उभ्या कशाला?" हे मला दोन हातांवरून ऐकू आलं. सिस्टर एवढंच म्हणाल्या, "सर, पेशंट जेवलेला नाही, साखर ९२, मी थांबवलंय. काय करू?" पलीकडे जरा शांतता. मग, "जेवल्यावर परत बघ आणि ८ दे."

माझा भाऊ अजून म्हणतो, सिस्टरनी आगाऊपणा केला, डोकं डॉक्टरनी चालवायचं. मला पटत नाही.

सड्यावरचा
भाऊ बरोबर आहे. या वेळी जमलं म्हणून टाळ्या. माझ्या काकांना रात्री दोनला जबडा दुखायला लागला, दरदरून घाम. काका डायबेटिक. तिथल्या सिस्टरनी ठरवलं, पित्त. गॅसचं इंजेक्शन दिलं, झोपा म्हणाल्या. सकाळी राउंडला ईसीजी काढला तेव्हा कळलं अटॅक होता. मग ॲम्ब्युलन्स आणि गोव्याचं बांबोळीचं मोठं हॉस्पिटल. काका वाचले, पण आता जिन्याच्या चार पायऱ्या चढले की बसतात. ते पण सिस्टरचं 'जजमेंट'च होतं ना?

रात्रपाळी
२२ वर्षं नर्स आहे, म्हणून बोलते. काकांचं वाचून वाईट वाटलं, पण ती गोष्ट उलट आहे. तिथे सिस्टरनी एकटीने ठरवलं आणि कोणाला उठवलं नाही. इथे सिस्टरनी थांबवलं, मोजलं आणि कळवलं. डायबेटिसवाल्याला छातीत न दुखताही अटॅक येतो हे आम्हाला शिकवलेलं असतं. घाम आणि जबडा म्हटल्यावर रात्री दोन असो नाहीतर चार, आधी ईसीजी आणि फोन.

आता आजींचं. मिक्स इन्शुलिनमधला लवकर चालणारा भाग अर्ध्या तासात कामाला लागतो, दोन-चार तासांत त्याचा जोर असतो. ९२ वर, रिकाम्या पोटी १४ युनिट दिले असते तर साखर ७० च्या, म्हणजे धोक्याच्या रेषेच्या, खाली जायला वेळ लागला नसता. आणि म्हातारं माणूस डोळे मिटून पडलेलं असलं की सगळे म्हणतात झोपू दे. उशी घामाने ओली आहे हे हात लावल्याशिवाय कळत नाही. योग्य पेशंट, योग्य औषध, योग्य डोस, योग्य मार्ग, योग्य वेळ हे पहिल्या वर्षाला घोकून घेतात. इन्शुलिनची योग्य वेळ घड्याळात नसते, ताटात असते.

(विषय निघालाच आहे तर: घरी पेनच्या कार्ट्रिजमधलं इन्शुलिन ४० च्या सिरिंजने ओढू नका. कार्ट्रिजमध्ये एका मिलीत १०० युनिट असतात, सिरिंजच्या खुणा मिलीला ४० च्या, म्हणून अडीचपट डोस जातो. हे मी दोनदा पकडलंय.)

निवृत्त_जीपी
सिस्टर बरोबर. पण 'जेवला नाही की इन्शुलिन बंद' असा नियम कोणी डोक्यात घेऊ नका. टाइप १ डायबेटिसच्या (अंगात इन्शुलिन जवळजवळ बनतच नाही अशा) पोराला उलट्या होतायत, खात नाही, म्हणून सगळं इन्शुलिन थांबवलं तर ते कीटोॲसिडोसिसमध्ये (रक्तात आम्ल साठून जिवावर बेततं त्यात) जाईल. म्हणून तर फोन. आणि त्या डॉक्टरांचं ओरडणं मला जास्त घातक वाटतं. एकदा असं झापलं की पुढच्या वेळी फोन येतच नाही. मी पण तरुणपणी झापलंय, लपवत नाही.

सड्यावरचा
काकांच्या बाबतीत फोन करायला हवा होता, मान्य. पण तिथे रात्री वीस खाटांना एक सिस्टर होती. ती कोणाकोणाचे डबे उघडणार? म्हणूनच लिहिलेलं पाळा म्हणतो मी. दमलेल्या माणसाला कागदच वाचवतो.

रात्रपाळी
दमलेल्या माणसाच्या हातून लिहिलेलंच चुकीच्या खाटेवर जातं हो. वीसला एक हे भांडण वेगळं आहे, त्यात मी तुमच्या बाजूने.

तारकर्ली_वारो
सिस्टर की डॉक्टर ह्याच चल्लाहा. आवशीन उपास लपवल्यान त्याचा काय?

आगरातली
हे मात्र खरं :) आईला विचारलं तर म्हणते, सांगितलं असतं तर तुम्ही उपास मोडायला लावला असता. लावलाच असता.

डिस्चार्जच्या दिवशी त्याच सिस्टरनी डॉक्टरांकडून उपासाच्या दिवसाचा डोस वेगळ्या कागदावर लिहून घेतला. तो आम्ही कॅलेंडरला टाचलाय, संकष्टीच्या खाली. भाऊ म्हणतो, बघ, शेवटी लिहूनच घ्यावं लागलं ना.