बीसीजीच्या व्रणावरची गाठ डीएफएसपी निघाली, परत ऑपरेशन करावं का? (मदत हवी आहे)

पहाटगाडी

नमस्कार मंडळी,

धागा लांबेल, पण अर्धवट सांगून सल्ला मागण्यात अर्थ नाही म्हणून सगळंच लिहितो. प्रश्न माझ्या बायकोबद्दल आहे. वय ३१, राहायला भांडुपला. बाळ सात महिन्यांचं आहे, अंगावर पितं.

डाव्या दंडावर बीसीजी टोचल्याची खूण आपल्या बहुतेकांना असते. हिच्या त्या खुणेच्या खालच्या कडेला २०२१ मध्ये भिजवलेल्या वालाएवढी गाठ आली. दुखत नव्हती, खाजत नव्हती. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी हात लावून पाहिलं आणि म्हणाले, केलॉइड (व्रणावर वाढलेली जाड, साधी गाठ) आहे, टोचल्याच्या जागी येतो. हिच्या मामेबहिणीला त्याच जागी केलॉइड आहे, त्यामुळे आम्हालाही ते पटलं.

२०२३ मध्ये एका स्किनच्या डॉक्टरांकडे महिन्या-महिन्याच्या अंतराने तीन स्टेरॉइडची इंजेक्शनं घेतली. गाठ तसूभरही बसली नाही. उलट आजूबाजूची कातडी तपकिरी-लालसर झाली आणि शेजारी आणखी दोन बारीक गाठी हाताला लागायला लागल्या. ‘हट्टी केलॉइड आहे, वेळ लागेल’ असं सांगितलं गेलं. मग दिवस राहिले म्हणून इंजेक्शनं थांबली. सातव्या महिन्यानंतर गाठ भराभर वाढली, पार सुपारीएवढी. गरोदरपणात केलॉइड वाढतात हे तेव्हा तिघांनी तरी सांगितलं.

बाळ झाल्यावर खरी अडचण सुरू झाली. डाव्या हातावर बाळाला घेतलं की त्याचं डोकं नेमकं त्या गाठीवर टेकायचं आणि ही कळवळायची. म्हणून दोन महिन्यांपूर्वी जवळच्याच एका नर्सिंग होममध्ये लोकल भूल देऊन गाठ काढून घेतली. सर्जन म्हणाले, ‘साधी गाठ आहे, तपासायला पाठवायची गरज नाही.’ का कोण जाणे, मी हट्ट धरला. नर्सने एक प्लास्टिकची बाटली माझ्या हातात दिली, ‘लॅबमध्ये देऊन या’ म्हणाली. ती बाटली डब्याच्या पिशवीत उभी धरून मी रिक्षाने लॅबमध्ये नेली. आज तो प्रसंग आठवला तरी हातपाय गार पडतात. ती बाटली गेली नसती तर आम्हाला कधीच काही कळलं नसतं.

रिपोर्टमध्ये आधी ‘स्पिंडल सेल ट्यूमर’, म्हणजे लांबट पेशींची गाठ, असं आलं. पुढची तपासणी करायला सांगितली, त्यात सीडी३४ (गाठीच्या पेशींवरची एक खूण) पॉझिटिव्ह. निदान: डर्मॅटोफायब्रोसार्कोमा प्रोट्युबरन्स, म्हणजे डीएफएसपी, कातडीचा एक कॅन्सर. खाली लिहिलंय की खालचा काठ आणि एका बाजूचा काठ ‘इन्व्हॉल्व्ड’ आहे, म्हणजे तिथे आजार उरलाय. ज्या कॅन्सर सर्जनना दाखवलं ते म्हणतात, परत ऑपरेशन करावं लागेल, चारी बाजूंनी बरीच जास्त जागा काढावी लागेल आणि मांडीची कातडी आणून लावावी लागेल.

इथे घरात दोन तट पडलेत. जखम सुंदर भरली आहे, हात लावला तर आत काहीच लागत नाही. सासूबाई म्हणतात, ‘गाठीला चाकू लावला म्हणूनच हे नाव निघालं, आता परत चाकू नको.’ माझी आई म्हणते, बाळ वर्षाचं होऊ दे. बायको काही बोलत नाही. रात्री बाळ झोपलं की ती तो टाका बोटाने चाचपत बसते.

माझे प्रश्न:
काही दिसत नसताना, लागत नसताना परत एवढं मोठं ऑपरेशन खरंच लागतं का? चार-पाच महिने थांबलं तर चालेल का? अंगावर पाजणं सोडावं लागेल का? आणि ज्या प्रश्नाने सगळ्यांचीच झोप उडाली आहे तो म्हणजे, हे बाळाला होईल का? मुंबईत कुणी यातून गेलं असेल तर कृपया लिहा.

---

तगर

पहाटगाडी, मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, सरकारी रुग्णालयात काम करते. ऑनलाइन निदान मी करत नाही, पण तुमचं निदान झालेलं आहे, त्यामुळे मोकळेपणाने लिहिते.

सगळ्यात आधी बाळाचं. नाही, बाळाला हे होणार नाही. या आजारात १७ आणि २२ नंबरच्या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांना जोडले जातात आणि त्यामुळे पेशींना ‘वाढत राहा’ असा निरोप सतत मिळत राहतो. पण हा बदल फक्त त्या गाठीच्या पेशींत झालेला असतो. आईच्या रक्तातून, दुधातून, वंशातून तो पुढे जात नाही. सासूबाईंना आणि आईंना हे आजच सांगा.

हा दुर्मिळ आजार आहे, दरवर्षी दहा लाखांत साधारण १ ते ५ जणांना होतो. पण नवा नाही, १९२४ मध्ये फ्रान्सच्या दारिए आणि फेराँ यांनी त्याचं वर्णन केलं होतं. फार सावकाश वाढतो, अंगात दुसरीकडे जाण्याचं प्रमाण शंभरात पाचाहूनही कमी, आणि गेलाच तर बहुधा फुफ्फुसात. जिवावर बेतणं फार विरळा. म्हणजे घाबरून उद्या पहाटे पळायचं नाही, पण ‘नंतर बघू’ असंही नाही.

आता तुमचा मुख्य प्रश्न. तुम्ही कधी हरळी उपटली आहे का? वरून वाफा साफ दिसतो, पण मातीत तिचे धागे दूरवर गेलेले असतात. डीएफएसपी तसाच आहे. डोळ्यांना दिसते त्या गाठीच्या पुढे कातडीखालच्या चरबीत त्याची बोटं पसरलेली असतात, आणि ती हाताला लागत नाहीत. म्हणून जखम छान भरली याचा अर्थ आजार गेला असा होत नाही. ज्यांची गाठ अगदी तिच्या कडेलगत कापून काढलेली असते, त्यांच्यात तो परत येण्याचं प्रमाण खूप आहे, आणि तुमच्या रिपोर्टमध्ये तर दोन काठांवर तो उरलेला लिहिलाच आहे. चाकू लावल्यामुळे तो पसरला नाही. चाकू त्याच्या टोकापर्यंत पोचण्याआधीच थांबला म्हणून तो उरला आहे. त्यामुळे २ ते ३ सेंटिमीटर निरोगी कातडी सोबत घेऊन, खाली स्नायूवरच्या पडद्यापर्यंत काढतात.

दुसरा मार्ग मोह्ज पद्धतीचा. थराथराने काढायचं आणि प्रत्येक थराचा सगळा काठ सूक्ष्मदर्शकाखाली बघत जायचं. त्यात निरोगी कातडी जास्त वाचते. ही सोय सगळीकडे नसते. नसली तरी रुंद काठ ठेवून केलेलं ऑपरेशन चांगलंच आहे. एकच गोष्ट सर्जनना जरूर विचारा: काठ स्वच्छ असल्याचा पक्का रिपोर्ट हातात येण्याआधी बाजूची कातडी फिरवून जागा बुजवणार आहेत का? तसं केलं आणि काठावर परत आजार निघाला, तर नेमका कुठे उरलाय ते शोधणं अवघड जातं.

रिपोर्टमध्ये ‘फायब्रोसार्कोमॅटस’ असा शब्द कुठे आहे का? असेल तर आजार थोडा आक्रमक धरतात. कृपया बघून सांगा.

थांबण्याबद्दल: तपासण्या, स्लाइड्सची फेरतपासणी, तारीख मिळणं यात काही आठवडे जातातच, त्याने बिघडत नाही. मुद्दाम वर्षभर थांबू नका. आणि पुढचं मूल हा विषय काठ स्वच्छ झाल्यावरच. गरोदरपणात डीएफएसपी वाढतो हे वैद्यकात नोंदलेलं आहे, तुमच्या पत्नीचं तेच झालं असावं.

पाजणं सोडायची गरज नाही. दंडाचा एमआरआय कॉन्ट्रास्ट (चित्र स्पष्ट दिसावं म्हणून शिरेतून देतात ते औषध) देऊन केला तरी पाजता येतं. भूल उतरून आई नीट जागी झाली की पाजता येतं. अपवाद फक्त इमॅटिनिब या गोळीचा. ऑपरेशन शक्य नसलेल्या किंवा पसरलेल्या आजारात ती देतात, आणि ती चालू असताना पाजायचं नसतं. तुमच्या वर्णनावरून तो प्रसंग येईलसं वाटत नाही.

एक मनापासून. फॅमिली डॉक्टर चुकले याचा राग मी समजू शकते. बीसीजीच्या जागी केलॉइड इतके दिसतात की शंका येत नाही. पण तीन इंजेक्शनांनी न बसलेल्या, शेजारी नव्या गाठी फुटलेल्या केलॉइडचा तुकडा तेव्हाच तपासायला हवा होता. तुम्ही बाटली नेलीत ते फार मोठं काम केलंत.

---

गिरणगाव

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, फक्त कागदपत्रांचं आणि ब्लॉकचं सांगतो. मोठ्या रुग्णालयात गेलात की पहिला प्रश्न ‘ब्लॉक आणलाय का’ हाच असतो. काढलेला तुकडा मेणाच्या छोट्या ठोकळ्यात बसवलेला असतो, तो ब्लॉक. जिथे तपासणी झाली त्या लॅबकडे असतो, नर्सिंग होमकडे नाही. साधा अर्ज, रिपोर्टची झेरॉक्स, पेशंटचं आधार आणि सही न्या. सगळे ब्लॉक मागा, सगळ्या स्लाइड्स मागा, सीडी३४च्या वेगळ्या स्लाइड्सही मागा. ब्लॉकवरचा नंबर आणि रिपोर्टवरचा नंबर तिथेच काउंटरवर जुळवून बघा. घरी आणताना कडक डब्यात, कापसात ठेवा आणि उन्हात तापलेल्या गाडीत सोडू नका, मेण मऊ पडतं. नर्सिंग होममधून ऑपरेशनची नोंद पण लेखी घ्या, किती खोल गेले होते ते त्यातच कळतं.

---

सावंतीण

दादा, माझ्या चुलत दिरांना अशीच गाठ होती, लेप लावून बसली. एकदा वैद्यांना दाखवायला काय हरकत आहे?

तगर

सावंतीण ताई, दिरांची गाठ कसली होती ते तपासलेलं नसेल तर तुलना करता येत नाही. इथे सूक्ष्मदर्शकाखाली निदान झालंय. लेपाने काठावरचा डीएफएसपी जात नाही, महिने मात्र जातात. त्यांच्या घरात तान्हं बाळ आहे म्हणून स्पष्ट लिहिते आहे, राग मानू नका.

सावंतीण

राग कसला डॉक्टर. वहिनींना लवकर बरं वाटू दे.

---

कोकणकडा

पहाटगाडी, मी यातून गेलोय. खांद्याच्या मागे, २०१८. माझंही पहिलं ऑपरेशन ‘चरबीची गाठ’ म्हणून झालं होतं आणि तिथेच परत उठली. दुसरं परळला टाटा मेमोरियलमध्ये. आता दर वर्षी दाखवतो, व्यवस्थित आहे.

कुणी सांगत नाही ते सांगतो. जिथून गाठ काढली ती जागा मला फार दुखली नाही. मांडीची कातडी काढली ती जागा जास्त दुखली, भाजल्यासारखी आग होते. पहिले आठ-दहा दिवस उठता-बसताना डोळ्यांत पाणी येतं. हे आधी माहीत असलं की माणूस घाबरत नाही. सैल परकर किंवा गाऊन तयार ठेवा. लावलेली कातडी धरेपर्यंत त्या हाताने काही उचलायचं नाही, आणि सात महिन्यांचं बाळ म्हणजे सात-आठ किलो. त्यामुळे महिनाभर तरी घरात एक जादा माणूस लागेल. सासूबाई आणि आई दोघींना आत्ताच वाट्याचं काम देऊन टाका. माझा अनुभव असा की काम हातात आलं की विरोध मावळतो.

परळ स्टेशनवरून चालत जाता येतं. पहिल्या दिवशी सकाळी लवकर जा, दोघं जा, बाळाला नेऊ नका, तिथे अख्ख्या देशातून आलेली गर्दी असते. फाइल काढायलाच वेळ जातो. खर्चाची अडचण असेल तर रेशनकार्ड आणि आधार घेऊन महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्रांना (रुग्णालयात योजनेची मदत करणारी माणसं) भेटा. हे ऑपरेशनच्या आधी करायचं असतं, नंतर नाही.

वहिनींशी बोलायला माझी बायको तयार आहे, व्यनि (खासगी निरोप) करा.

---

पहाटगाडी

सगळ्यांचे मनापासून आभार. लिहायला तीन आठवडे लागले.

तगर डॉक्टर, ‘फायब्रोसार्कोमॅटस’ शब्द रिपोर्टमध्ये नाही, फेरतपासणीतही निघाला नाही. निदान तेच आलं. छातीचा सीटी स्वच्छ आहे. एमआरआयमध्ये टाक्याखाली काहीतरी उरलेलं दिसतंय असं म्हणाले. तुमचा हरळीचा परिच्छेद मी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. त्यांचं माहेर शेतकऱ्याचं. ऐकून थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, ‘मग खणूनच काढायला पाहिजे.’ त्यानंतर घरात वाद झाला नाही. बाळाचा प्रश्न सुटला त्या रात्री बायको पहिल्यांदा रडली, आणि मग झोपली.

गिरणगाव, लॅबने आधी एकच ब्लॉक दिला होता. नंबर जुळवले म्हणून दुसरा राहिल्याचं लक्षात आलं. तुमचे उपकार आहेत.

ऑपरेशन पुढच्या महिन्यात १२ तारखेला आहे. काठाचा रिपोर्ट येईपर्यंत जागा नुसती ड्रेसिंगखाली ठेवणार, मग मांडीची कातडी लावणार, असं सर्जननी स्वतःहून सांगितलं. कोकणकडा, वहिनींशी ही दोनदा बोलली, आता मांडीच्या जखमेची तयारी चालू आहे.

बाळाला उजव्या हातावर घेऊन पाजायची सवय लावतोय. रोज संध्याकाळी अर्धा तास रडारड होते, पण कालपासून जरा जमतंय. एक प्रश्न राहिलाय: दवाखान्यातल्या त्या दिवसांसाठी दूध काढून ठेवायचं तर हाताने की पंपाने, आणि बर्फाच्या डब्यातून भांडुपपर्यंत कुणी आणलंय का? ज्या आयांनी केलं असेल त्यांनी सांगा.