सरकार, शासन की सिस्टीम? तरुणांना नक्की कशाबद्दल मत विचारायचं

विश्रामबागी
एक काम गळ्यात पडलंय आणि ते शब्दापाशी अडलंय. देशोदेशीच्या तरुणांना आपापल्या सरकारबद्दल काय वाटतं, अशी एक इंग्रजी प्रश्नावली आमच्या कॉलेजात आली आहे. सांगली-साताऱ्याच्या पोरांसाठी ती मराठीत करायची. पहिला प्रश्न मी असा केला : 'आपल्या देशाच्या शासनाबद्दल आपले मत द्या.' पुढं पाठवण्याआधी गल्लीतल्या अभ्यासिकेत पोरांना वाचून दाखवला. एकजण म्हणाला, "मॅडम, मत गुप्त असतं, असं कसं देऊ?" दुसऱ्यानं विचारलं, "शासन म्हणजे मुंबईचं ना? मग देशाचं कसं काय?" तिसरा काहीच न बोलता चहाला गेला.

तर शासन, सरकार, प्रशासन, सत्ताधारी, व्यवस्था आणि आता हे 'सिस्टीम', यात तुमच्या बोलण्यात फरक काय? कोशातले अर्थ नकोत, कोश माझ्याकडे आहे.

जुनाकारकून
पोराचं बरोबर आहे. गाड्यांवरच्या पाट्या बघा. राज्याच्या गाडीवर 'महाराष्ट्र शासन', केंद्राच्या गाडीवर 'भारत सरकार'. जीआरच्या माथ्यावर 'महाराष्ट्र शासन', म्हणून तो शासन निर्णय. मी जन्मभर 'शासनाच्या निदर्शनास आणून देण्यात येते की' असं लिहिलं आणि घरी येऊन 'सरकारनं महागाई भत्ता लांबवला' असं बोललो. एकाच दिवशी, एकाच तोंडानं. तेव्हा 'देशाचे शासन' हे मराठी कानाला खटकणारच.

शासनाचा दुसरा अर्थही अजून जिवंत आहे, 'गुन्हेगाराला कडक शासन झालं पाहिजे' मधला. मूळ धातू शास्. राज्य करणं, शिकवणं आणि दंड करणं, तिन्ही त्याच्या पोटात. शास्त्र आणि शिष्यही तिथलेच. सरकार फारसी : सर म्हणजे डोकं, कार म्हणजे काम. कामावरचा मुख्य. मोगलाईत सुभ्याच्या खालच्या आणि परगण्याच्या वरच्या मुलखालाही सरकारच म्हणत. (कोशातलं नको म्हणालात, पण हात शिवशिवतात.)

'मत'बद्दल : देणे, टाकणे, मागणे, फुटणे, बाद होणे, हे सगळं मतपेटीचं. मनातलं मत मांडायचं, सांगायचं किंवा नोंदवायचं. 'मत द्या' लिहिलंत की पोरगं बोटाला शाई शोधणार.

पोवईनाका
मी साताऱ्यात अभ्यासिकेत बसतो, राज्यसेवा आणि जमेल ती सरळसेवा. आमच्यात शब्द कसे चालतात ते सांगतो.

सरकार येतं, बसतं, टिकतं, डगमगतं, पडतं, पाडलं जातं. शासन पडल्याचं कधी ऐकलंय? शासन फक्त 'निर्गमित' करतं. आणि प्रशासन कायम 'सज्ज' असतं. पूर येऊ दे, वारी असू दे, प्रशासन सज्ज. त्यामुळं शिव्या घालायला हाताशी सरकारच सापडतं, बाकी दोघांना चेहराच नाही.

पडण्याबद्दल तर आमची पिढी तज्ज्ञ आहे. मी पहिलं मतदान २०१९ ला केलं. त्या एका विधानसभेच्या मुदतीत तीन मुख्यमंत्र्यांनी शपथ घेतली. पहिली २३ नोव्हेंबरची, ती 'पहाटेचा शपथविधी' म्हणून कायमची चिकटली. प्रत्यक्षात तेव्हा चांगलं उजाडलं होतं, पण नाव पडलं ते पडलं. आमच्या रूमवर आता कुणी न सांगता गुपचूप काही उरकलं, दुसरीकडं जागा मिळवली, मेस बदलली, की 'याचं पहाटेचं झालं' म्हणतात.

'फुटणे' हे क्रियापद घ्या. पेपर फुटतो, आमदार फुटतो, मतं फुटतात. तिन्हीत आतलं माणूस असतं, आणि तिन्हीत 'कुणी फोडलं' हे वाक्यातून गळतं. आपोआप पिकून फुटल्यासारखं. केंद्रानं २०२४ ला पेपरफुटीविरुद्ध कायदा केला, त्यात शब्द 'अनुचित साधन'. अनुचित! जेवताना मचमच आवाज करणं अनुचित. दोन वर्षांची तयारी पाण्यात जाते त्याला अभ्यासिकेतला शब्द वेगळा आहे, तो इथं लिहीत नाही.

आणि 'जाहिरात'. आमच्यात त्याचा एकच अर्थ, पदभरतीची. टीव्हीवर साबणाची लागली तरी कुणीतरी ओरडतंच, "कुठल्या खात्याची?"

विश्रामबागी
मग 'सिस्टीम'? तो शब्द माझ्या पोरांच्या तोंडी सगळ्यात जास्त येतो.

पोवईनाका
सिस्टीम म्हणजे सरकार बदललं तरी जे बदलत नाही ते. कारकून, कंत्राटदार, क्लासवाला, परीक्षा घेणारी कंपनी, सगळं त्यात. 'सिस्टीमच तशी आहे भावा' म्हटलं की विषय संपतो. 'व्यवस्था' आम्ही उत्तरपत्रिकेत लिहितो. बोलताना व्यवस्था म्हणजे राहण्या-जेवणाची.

जुनाकारकून
कारकून पहिला का?

पोवईनाका
काका, तुमचं नाव बघून नाही लिहिलं. सहज आलं. आता त्यातच काय ते समजा.

वाळवेकरीण
मला दोन शब्द मांडायचेत, दोन्ही सरकारी, आणि माझं सरकारबद्दलचं मत काय ते त्यांच्यावरूनच ठरलंय.

ऑगस्ट २०१९ ला कृष्णेचं पाणी आमच्या सोप्यात होतं. पाणी ओसरल्यावर पंचनामे झाले. भिंतीवर पाणी कुठवर होतं तिथं चिखलाची रेघ होती, माझ्या खांद्याच्या वर. तलाठी ती रेघ बघून लिहीत होते, आणि आई ओल्या ज्वारीचं पोतं पुढं ओढून 'हे पण लिवा' म्हणत होती. नंतर मदतीची यादी लागली. तिच्यावर शीर्षक 'सानुग्रह अनुदान'. मी मोठ्यानं वाचलं. आज्जी माळकरी. ती म्हणाली, "आनुग्रह? कुणी घेतला गं?" तिला अनुग्रह म्हणजे गुरूनं कानात दिलेला मंत्र. मग मी शब्द सोडवून बघितला. स-अनुग्रह, कृपेसह. म्हणजे देणारा कृपा करतोय, देणं लागत नाही. हिशोबाच्या भाषेत बरोबर असेलही, हक्काची भरपाई वेगळी आणि हे वेगळं. पण चिखल उपसणाऱ्या माणसासमोर तो कागद लावताना कुणाला काही वाटलं नाही, हे मला अजून खटकतं.

दुसरा 'लाभार्थी'. विद्यार्थी विद्या मागतो, लाभार्थी लाभ मागतो. मागणारा तो. आधी घरकुलाच्या यादीपुरता होता, आता सभेत, बॅनरवर, सगळीकडं. २०२४ ला 'लाडकी बहीण' आली, २१ ते ६५ वयाच्या बायकांना महिना दीड हजार. पैसे आईच्या खात्यावर येतात, उपयोग होतो, नाही म्हणणार नाही. पण सरकारनं नातं जोडलं की मत मांडायची पंचाईत होते. भावाला नावं ठेवली की बहीणच वाईट.

शनवारपेठ
ताई, नातं तर आधीपासून आहे. 'मायबाप सरकार' ऐकलं नाही काय? आता बाप जाऊन भाऊ आला, एवढंच. बढतीच म्हणा.

माझी शंका : 'मायबाप सरकार' आज कुणी मनापासून म्हणतं का? मला तर ते फक्त टोमण्यातच ऐकू येतं.

जुनाकारकून
मनापासून म्हणणारे मी बघितलेत. आमच्या टेबलावर अर्ज यायचे, 'मेहेरबान तहसीलदारसाहेब यांचे सेवेशी' आणि शेवटी 'आपण गरिबांचे मायबाप आहात'. अर्ज लिहून देणाऱ्याचं ते ठरलेलं वाक्य, पण खाली अंगठा उठवणारा ते खरं धरायचा. टोमणा नंतरचा.

आणखी एक बघा. 'सरकार आलं' आणि 'सरकार आले'. पहिलं नपुंसकलिंगी, निवडून येणारं. दुसरं आदरार्थी, पालखीतून किंवा मोटारीतून येणारं. सांगलीत पटवर्धनांचं संस्थान १९४८ पर्यंत होतं. त्या वेळची माणसं बोलताना दुसराच प्रयोग करत. गावोगावच्या 'सरकारवाड्या'तलं सरकार हेच. एका मात्रेनं लोकशाही येते-जाते, असं आमचे एक साहेब म्हणायचे.

मिरजजंक्शन
हे नेपाळात तर उघडंच होतं. तिथं राजाला हाकच 'सरकार' अशी मारत, आणि देशाच्या सरकारचं नाव 'श्री ५ को सरकार'. २००६ ला ते बदलून 'नेपाल सरकार' झालं. त्याच नेपाळात सप्टेंबर २०२५ ला समाजमाध्यमांवर बंदी घातली आणि पोरं रस्त्यावर उतरली. गोळीबार झाला, माणसं गेली आणि ९ तारखेला पंतप्रधान ओलींनी राजीनामा दिला. 'जेन झी' हा शब्द आपल्या मराठी पेपरांत मथळ्यावर आला तो मला तरी तेव्हापासून आठवतो. त्याआधी 'आजची तरुणाई' होती, आणि ती कायम 'थिरकत' असायची.

बांगलादेशात २०२४ ला आणखी गंमत. (गंमत शब्द चुकीचा आहे, शेकडो माणसं मेली.) नोकऱ्यांतल्या राखीव जागांवरून आंदोलन चाललं होतं, तेव्हा पंतप्रधान शेख हसीना यांनी जुलैत पत्रकारांसमोर रझाकारांच्या, म्हणजे १९७१ ला पाकिस्तानी लष्कराला साथ देणाऱ्यांच्या, नातवंडांचा उल्लेख केला. विद्यार्थ्यांनी त्याच रात्री घोषणा उचलली : 'तुमी के, आमी के, राजाकार राजाकार'. तू कोण, मी कोण, रझाकार. शिवीच अंगावर घेतली. ५ ऑगस्टला हसीना देश सोडून गेल्या. रझाकारचा मूळ अर्थ स्वयंसेवक. पण निजामाच्या हद्दीला लागून वाढलेल्या माणसाला हे सांगून बघा.

जतकर
आमच्या जतला 'सरकार' म्हटलं की पहिला प्रश्न, कंचं? मुंबईचं का बेंगळुरूचं? कन्नडमध्येही शब्द सरकारच. घरात निम्मी माणसं कन्नड बोलतेत. शब्द एक, पाणी दोन. म्हैसाळ उपसा योजनेचं पाणी येणार येणार म्हणून आमच्या वडलांची उमर गेली. २०२२ ला आमच्या सीमेवरच्या गावांचं कर्नाटकात जायचं प्रकरण पेपरात गाजलं तवा आमच्या वयाची पोरं म्हणायची, "जायचं कुणाला हाय? निदान ह्यास्नी कळू द्या तर आमी हाय म्हणून."

बेंगळुरूच्या विधानसौधावर कोरलंय, 'सरकारद केलस देवर केलस'. सरकारचं काम ते देवाचं काम. आपल्यात काय म्हणत्यात? सरकारी काम अन् सहा महिने थांब. दोन्ही खरंच हाय म्हणा. देवाचं काम असल्यावर थांबायला लागतंयच.

येरळाकाठ
एवढी चर्चा झाली आणि सातारा-सांगलीच्या माणसांना आपलाच शब्द आठवला नाही याचं नवल वाटलं. प्रतिसरकार.

१९४३ ते ४६, क्रांतिसिंह नाना पाटलांचं. तेव्हा सांगली जिल्हा नव्हता, वाळवा, तासगाव, शिराळा सगळं साताऱ्यात. १९४९ ला 'दक्षिण सातारा' झाला, सांगली हे नाव १९६० चं. म्हणून 'साताऱ्याचं प्रतिसरकार' म्हटलं की आमच्या कुंडलकडची माणसं चिडतात आणि 'सांगलीचं' म्हटलं की तिकडची. तरुणांच्या मताचा विषय आहे म्हणून सांगतो : जी. डी. बापू लाड आणि नागनाथअण्णा नायकवडी, दोघांचा जन्म १९२२ चा. १९४३ ला विशी नुकती ओलांडलेली. तुमच्या अभ्यासिकेतल्या पोरांचं वय. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ रेल्वे लुटली ती याच वयाच्या पोरांनी. पण लुटीपेक्षा मला त्यांची न्यायमंडळं मोठी वाटतात. बांधाची भांडणं, सावकाराची वसुली, नांदवत नाही म्हणून माहेरी धाडलेल्या बायका, हे गावातच बसून मिटवायचं. लग्नं बिनहुंड्याची, बिनखर्चाची, त्यांना 'गांधी लग्न' म्हणत.

'प्रति' कसा आहे बघा. प्रतिस्पर्धी, प्रतिपक्ष यात विरोध. प्रतिबिंब, प्रतिपंढरपूर यात सारखेपणा. प्रतिसरकार यात दोन्ही. इंग्रज सरकारच्या विरुद्ध, आणि तरी सरकारसारखंच : निवाडे देणारं, दंड करणारं, तुफान सेना बाळगणारं. नुसत्या विरोधाला 'विरोधी पक्ष' पुरला असता.

शनवारपेठ
आणि 'पत्री सरकार'? आमच्याकडं तेच जास्त म्हणतात.

येरळाकाठ
त्याच्या दोन उपपत्ती आहेत. एक, बैलाला पत्री ठोकतात तशी फितुरांच्या पायाला ठोकत म्हणून. दुसरी, 'प्रति' चा बोलीत 'पत्री' झाला आणि मग त्याला साजेशी गोष्ट तयार झाली. तळपायावर काठ्यांचे फटके देत, तेवढ्यालाही 'पत्री मारली' म्हणत. मला दुसरी पटते. बोलीत र इकडचा तिकडं जातोच. पण पत्र्याची गोष्ट टिकली, कारण ती दोघांना सोयीची होती. इंग्रजांना बदनामीसाठी आणि चळवळीला दरारा म्हणून.

वाळवेकरीण
आमच्या घरात ती गोष्टच खरी धरतात, बोलीतला र कुणी ऐकून घेणार नाही. आज्जी अजून म्हणते, "नानांचं राज असतं तर त्या ग्रामसेवकाला पत्रीच बसली असती." तिचं लग्न त्या काळाच्या कितीतरी नंतरचं.

पोवईनाका
म्हणजे त्यांना प्रश्नावली आली असती तर 'सरकारबद्दल मत' या रकान्यात काय भरलं असतं? 'लागू नाही'?

येरळाकाठ
प्रश्नावली जप्त केली असती आणि मागच्या कोऱ्या बाजूवर निवाडे लिहिले असते. कागदाची टंचाई होती.

विश्रामबागी
सगळ्यांचे आभार. असं ठरवते : पहिल्या प्रश्नात 'सरकार', आणि केंद्राचं व राज्याचं वेगवेगळं विचारायचं. 'मत द्या' काढून 'तुम्हाला काय वाटतं'. 'शासन' फक्त योजना, दाखले आणि भरतीच्या प्रश्नांत. 'सिस्टीम' चा वेगळा प्रश्न घालते, देवनागरीत तसाच. मूळ प्रश्नावलीत तो नाही, वरचे कुरकुरतील, कुरकुरू देत. 'लाभार्थी' मात्र माझ्याच हातून दोन ठिकाणी गेला होता, तिथं 'योजनेचे पैसे मिळालेली व्यक्ती' करते. लांबतं, पण चालेल.

जतकर
मॅडम, जतला धाडताना एक परत कन्नडमध्येपण काढा. अन् 'राज्य सरकार' च्या म्होरं कंसात महाराष्ट्र लिवा.