टांझानियात तंबूत राहून सफारी: प्राण्यांचे फोटो, माणसांचे फोटो

रानवाट_चंद्रपूर
नमस्कार मंडळी. येत्या फेब्रुवारीत मी आणि बायको टांझानियाला जातोय. तारांगिरे, न्गोरोंगोरो, सेरेंगेटी. सात दिवस, सगळे मुक्काम तंबूत. ताडोब्यात बारा वर्षं फोटो काढतोय. १००-४०० मिमीची लांबचं टिपणारी लेन्स आणि एक छोटी, जवळच्यासाठीची ३५ मिमीची आहे. दोनच प्रश्न. तंबूत बॅटऱ्या चार्ज कशा करायच्या? आणि मसाई लोकांचे फोटो काढावेत का? बायको म्हणते, कुणाच्या दारात जाऊन कॅमेरा रोखणंच मुळात चूक. मला ते पटतं, पण माणसांशिवाय तो मुलूख अर्धाच दिसेल असंही वाटतं.

अरुंधती_वाई
दादा, वहिनींना माझा नमस्कार सांगा. दोन वर्षांपूर्वी मी आणि माझी बहीण याच वाटेनं गेलो होतो.

आधी सोपं सांगते. तिथला प्लग इंग्लंडसारखा, तीन चौकोनी दांड्यांचा, अ‍ॅडाप्टर लागतोच. आमच्या गाडीत इन्व्हर्टर होता, फिरता फिरता बॅटऱ्या भरून व्हायच्या. तुमच्या गाडीत आहे का ते पैसे भरण्याआधी विचारा. न्गोरोंगोरोच्या काठावरचा मुक्काम दोन हजार मीटरच्या वर आहे. रात्री हाडं गोठतात आणि थंडीनं बॅटरी उतरते. मी बॅटऱ्या मोज्यात घालून पांघरुणात घेऊन झोपायचे.

ट्रायपॉड नको. गाडीचं छप्पर वर उचललेलं असतं, आपण उभ्यानं फोटो काढतो. रिकामी कापडी पिशवी न्या, सफारी सुरू होते त्या आरुषा शहरात दोन किलो तांदूळ घेऊन भरा आणि गाडीच्या उघड्या छपराच्या काठावर ठेवून त्यावर लेन्स टेकवा. इंजिन बंद करायला सांगा. शेवटच्या दिवशी तांदूळ स्वयंपाक्याला देऊन टाका. तारांगिरेत निळे-काळे कपडे घालू नका, त्सेत्से माश्या त्यावरच येतात. सेरेंगेटीतल्या सेरोनेरात रस्ता सोडून गाडी घालायला बंदी आहे. सिंह लांब असला तरी चालकाला गळ घालू नका. तिथल्या कॅम्पला कुंपण नाही. रात्री तरस तंबूंमधून फिरतात, त्यांचा आवाज ऐकत पडून राहा, फोटोसाठी तंबूची चेन उघडू नका.

आता माणसांचं. म्तो वा म्बू गावाच्या अलीकडे एक मसाई बाई गाढवावर पाण्याचे पिवळे कॅन लादून चालली होती. मी चालत्या गाडीतून चारशेची लेन्स रोखली. तिनं अंगावरचा शुका, म्हणजे पांघरायचं कापड, डोक्यावरून ओढून चेहरा झाकला. चालक काही बोलला नाही, पण त्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं ते अजून आठवतं. तो फोटो मी पुसलेला नाही. गाढव, कॅन आणि लाल कापड. कुणाला दाखवतही नाही.

तिसऱ्या दिवशी एका बोमात, म्हणजे मसाई वस्तीत, गेलो, तेव्हा कॅमेरा बॅगेतच ठेवला. तिथली घरं बायकाच बांधतात. काटक्या, माती, शेण. बहिणीनं भिंतीवर हात फिरवला आणि चालकामार्फत सांगितलं, आमच्या आजीचं घरही असंच सारवलेलं होतं. त्यांना खरं वाटेना. मग तिनं खाली बसून हातानं सारवून दाखवलं, तशा सगळ्याजणी हसायला लागल्या. अर्ध्या तासानं त्यांच्यातल्या आजीबाईंनीच माझ्या बॅगेकडे बोट केलं.

तो फोटो ३५ नं काढला, दाराच्या सावलीत. भर उन्हात, पांढऱ्या आभाळासमोर कॅमेरा आभाळाचा उजेड मोजतो आणि चेहऱ्यावरचं सगळं हरवतं. चेहऱ्यावर स्पॉट मीटर लावा, म्हणजे कॅमेरा फक्त तेवढ्याच जागेचा उजेड मोजेल, आभाळ जळालं तर जळू द्या.

खारा_वारा_दारेसलाम
अरुंधतीताईंशी सहमत. विचारायचं स्वाहिली वाक्य पाठ करा: 'नाओंबा कुपिगा पिचा', म्हणजे फोटो काढू द्याल का. उत्तर 'हपाना', म्हणजे नाही, असं आलं की विषय संपला. वडीलधाऱ्यांना आधी 'शिकामू' म्हणा, 'मराहाबा' असं उत्तर येतं. मसाई आपसात मा भाषा बोलतात, पण स्वाहिली बऱ्याच जणांना येते. चपातीला इथे चपातीच म्हणतात, गाडीला गारी, दुकानाला दुका. एवढ्या शब्दांवर गप्पा सुरू होतात, मी पाहिलंय. पोलीस, सैनिक, सरकारी इमारती यांच्यावर कॅमेरा नको. ड्रोन घरीच ठेवा. आणि प्लास्टिकच्या पिशव्यांवर जून २०१९ पासून बंदी आहे, लेन्स कापडात गुंडाळा.

रानवाट_चंद्रपूर
ताई, बायकोला वाचून दाखवलं. तिचा प्रश्न: फोटोचे पैसे द्यायचे का? मुलांनी मागितले तर?

अरुंधती_वाई
बोमात जायचे पैसे ठरलेले असतात. किती आणि कुणाच्या हातात, ते चालकाला आधीच विचारून घ्या, नाहीतर दारात उभं राहून घासाघीस होते आणि मग गप्पांना चव राहत नाही. न्गोरोंगोरोच्या रस्त्यावर काळे कपडे घातलेली, तोंडाला पांढरा रंग लावलेली मुलं दिसतील. गाडी थांबवून पैसे देऊ नका; पैसे मिळतात म्हणून ती दिवसभर रस्त्याच्या कडेला, गाड्यांच्या धुळीत उभी राहतात. मला ते बघवलं नाही.

आजीबाईंना मी छोट्या प्रिंटरवर जागीच फोटो छापून दिला. त्यांनी तो सगळ्यांच्या हातून फिरवून आणला आणि शुकाच्या गाठीत बांधला. मग रांगच लागली. माझ्याकडे वीस कागद होते, ते त्या एकाच बोमात संपले आणि तीन बायांना नाही म्हणावं लागलं. तुम्ही साठ न्या.