लिस्बनचा फ्लॅट: ओटा हॉलमध्ये असावा की दाराआड?

म्हापसेकरीण
नवरा पुढे गेलाय, मी आणि सहा वर्षांची लेक ऑक्टोबरात लिस्बनला पोचणार. भाड्यासाठी दोन घरे उरली आहेत. दोन्ही टी-२ (तिथे 'टी'पुढचा आकडा फक्त झोपायच्या खोल्यांचा, हॉल त्यात मोजत नाहीत) आणि भाडेही जवळपास तेवढेच. पहिले नवेकोरे, ओटा हॉलमध्येच, समोर सोफा. दुसरे जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही, पण स्वयंपाकघर वेगळे आहे, त्याला दार आहे. मागे काचा लावून बंद केलेली गॅलरी, तिला ते मार्कीझ म्हणतात. वॉशिंग मशीन आणि कपड्यांच्या दोऱ्या तिथेच.

नवरा पहिल्यावर भाळलाय. मला दुसरे हवे. आमच्याकडे आठवड्यातून तीनदा तरी मासळी तळली जाते, आणि पुरुमेंताचा (पावसाळ्यासाठी साठवलेला) सुका बांगडा भाजल्याशिवाय माझ्या घशाखाली पेज उतरत नाही. तो वास सोफ्यात मुरलेला मला चालणार नाही. नवरा म्हणतो, तू जुन्या वळणाची. आहे का मी?

स्विंडनकर
नाही गो बाय. दार असलेले घर घे आणि मोकळी हो.

आम्ही इथे इंग्लंडात दोन वर्षे ओटा-हॉल-एकच अशा घरात काढली. कढई ठेवायच्या आधी आमची कवायत चालायची: जॅकेटे बेडरूमच्या कपाटात, दार बंद, खिडकी उघडी. बाहेर दोन अंश. फोडणीत मिरची पडली की छतावरचा धुराचा भोंगा बोंबलायचा आणि मी खुर्चीवर चढून टॉवेलने वारा घालायचो. बंद स्वयंपाकघरात इथे धुराऐवजी उष्णता ओळखणारा भोंगा लावतात, तो फोडणीला भीत नाही. खुल्या घरात मात्र हॉलचा भोंगा आणि शेगडी एकाच छताखाली.

घर सोडताना मालकाने गालिच्याला वास येतो म्हणून डिपॉझिटमधून पैसे कापले. आता स्वयंपाकघराला दार असल्याशिवाय मी घर बघायलाही जात नाही.

वसरीवाली
मी ओदिवेलासला राहते, लिस्बनला लागूनच. ११ वर्षे झाली. माझे मत उलटे आहे आणि ते जरा चिडूनच मांडते.

माझ्या आजीने आयुष्य रांदपाच्या कुडीत, म्हणजे स्वयंपाकाच्या खोलीत घालवले. राजांगण (घरामधला चौक) ओलांडून मागे, विहिरीच्या बाजूला. हसण्या-बोलण्याचे आवाज वसरीवरून, म्हणजे ओसरीवरून यायचे आणि ती धुरात. इथे आल्यावर पहिले घर मीही हौसेने दाराचे घेतले. हिवाळ्यात कळले. इथल्या बहुतेक जुन्या घरांत मुंबईसारखीच काहीही गरम व्हायची सोय नसते, हॉलमध्ये एक विजेचा हीटर लावायचा. म्हणजे नवरा-मुलगा उबेत आणि मी दार लावून थंडगार लाद्यांवर पोळ्या लाटतेय. मुलाचा अभ्यास भिंतीपलीकडून ओरडून घ्यायचा. दुसऱ्या वर्षी घर बदलले.

वासाचे म्हणशील तर, इथल्या सुपरमार्केटात खारवलेल्या बाकाल्यावचे (कॉड माशाचे) ढीग रचलेले असतात, शिरल्याबरोबर म्हापशाच्या बाजारातल्या सुक्या मासळीची आठवण येईल. आणि जूनमध्ये, सांत आंतोनियोच्या सणाला, लिस्बनच्या जुन्या आल्फामा वस्तीच्या गल्ल्यांत तारले मासे भाजल्याचा धूरच धूर. या लोकांना मासळीच्या वासाची लाज नाही. आपल्यालाच का?

स्विंडनकर
तारले ते रस्त्यावर भाजतात, ताई. सोफ्यासमोर नाही!

लाजेचा प्रश्नही नाही. लाज वाटायची तर ती त्या मालकांना वाटावी. इथल्या केंट परगण्यातला एक बडा घरमालक करीच्या वासाचे निमित्त करून भारतीय-पाकिस्तानी भाडेकरूच नको म्हणत होता, २०१७ मध्ये कोर्टाने त्याला ते बेकायदा असल्याचे बजावले. कायदा आपल्या बाजूला आहे, पण उशीला खाऱ्या मासळीचा वास येतो तेव्हा कोर्ट काय करणार?

ओळंबा
पणजीत घरांचे नकाशे काढतो, म्हणून थोडे मध्ये बोलतो.

वसरीवाली म्हणतात ते भांडण शंभर वर्षांचे आहे. १९२६ मध्ये मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी साधारण १.९ बाय ३.४ मीटरचे स्वयंपाकघर आखले. बाईची पावले वाचावीत म्हणून ते वेगळे आणि चिमुकले ठेवले, आणि पोरांवर नजर राहावी म्हणून हॉलच्या बाजूला सरकते दार दिले. अशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरे बसली. पुढे त्यांच्यावर टीका झाली ती याचीच, की बाई आत एकटी पडली.

पण म्हापसेकरीणताई, तुम्ही दाराआधी चिमणीचे विचारा. ओट्यावरची चिमणी हवा पाइपातून बाहेर फेकते, की कोळशाच्या फिल्टरमधून गाळून तीच परत खोलीत सोडते? दुसऱ्या प्रकारात तेल थोडे अडते, वास काहीसा कमी होतो, वाफ मात्र सगळी घरातच राहते. न तापवलेल्या घरात ती थंड भिंतीवर बसते आणि बुरशी धरते. फोटोत चिमणी चकचकीत दिसली म्हणून भुलू नका, वरचे कपाट उघडून पाइप कुठे जातो ते बघायला सांगा.

करामा ते कुंडई
दुबईत जाहिरातीतच 'क्लोज्ड किचन' लिहितात आणि आपली माणसे तेच आधी शोधतात. यावरून काय ते समजा. सुट्टीवर आलोय, बाकी चर्चा चालू द्या.

वसरीवाली
जाहिरातीत लिहितात कारण आत कामवाली असते. ज्याला स्वतः रांधायचे नाही त्याला दार आवडणारच.

करामा ते कुंडई
माझे मीच रांधतो ताई, चार जणांच्या खोलीत. दार नसते तर बाकी तिघांनी मला बाहेर काढले असते.

म्हापसेकरीण
ओळंबा यांचे ऐकून नवऱ्याला पहिल्या घरी परत पाठवले. कपाट उघडले तर पाइपच नाही! हवा फिरून सोफ्यावरच. दुसऱ्या घरी चिमणी जुनाट, पण पाइप भिंतीतून बाहेर गेलाय, आणि मार्कीझची खिडकी पूर्ण उघडते. तो आता गप्प आहे.

वसरीवालीताईंचे मात्र डोक्यातून जात नाही. म्हणून व्हिडिओवर मापे घ्यायला लावली. स्वयंपाकघरात भिंतीला लावून दोन फुटांचे टेबल मावते. लेकीचा अभ्यास तिथेच, आणि हीटर चाकांचा घेणार, माझ्याबरोबर फिरेल असा. तळताना तिला बाहेर काढायचे, बाकी वेळ दार उघडे.

वसरीवाली
टेबल दोन खुर्च्यांचे घे, नवऱ्यालाही कांदे चिरायला बसव. आणि येताना माझ्यासाठी पावशेर तिरफळे आण, इथे मिळत नाहीत मेली.