मदत हवी आहे : गरोदरपणात मेंदूत गाठ, बाळंतपण कुठे आणि कसं?

धाकट्या बहिणीला २६ वा आठवडा चालू आहे. महिन्यापूर्वी फिट आली. गॅडोलिनियम (चित्र स्पष्ट दिसावं म्हणून शिरेतून देतात ते औषध) न देता केलेल्या एमआरआयमध्ये ३ सेंमीची गाठ दिसली, बहुधा मेनिन्जिओमा, म्हणजे मेंदूच्या आवरणातली गाठ. लेव्हेटिरासिटॅम हे फिटवरचं औषध सुरू केल्यापासून फिट नाही. बीपी नॉर्मल, नजर ठीक. डोकेदुखी मात्र सकाळी वाढते. सांगलीतले न्यूरोसर्जन म्हणतात, ऑपरेशन बाळंतपणानंतर करू. स्त्रीरोगतज्ज्ञ ३४ व्या आठवड्यात सिझर सुचवतात. दोघं अजून एकमेकांशी बोललेलेच नाहीत, मला त्याचीच जास्त धास्ती वाटते. पुण्या-मुंबईला न्यायची तयारी आहे. न्यूरोसर्जरी, प्रसूती आणि नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग एकाच ठिकाणी कुठे आहे? आणि अशा गाठीत सिझरला भूल पाठीतून दिली की पूर्ण, तुमच्या डॉक्टरांनी ते कशावरून ठरवलं?