मराठी पत्ते डिक्रिप्ट होत नाहीत, इंग्रजी होतात, असं का?

कोथरूडकर:
नमस्कार मंडळी, दोन दिवस या बगने डोकं खाल्लंय. एका पतसंस्थेचं लाराव्हेलमधलं (पीएचपीचं फ्रेमवर्क) सॉफ्टवेअर आमच्याकडे आलंय, सभासदांचा पत्ता एनक्रिप्टेड कास्टने, म्हणजे सेव्ह होताना आपोआप कुलूपबंद होऊन, मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये जातो. इंग्रजीत भरलेले पत्ते सगळे उघडतात, मराठीतले काही उघडतात आणि काहींवर 'द पेलोड इज इनव्हॅलिड' (साठवलेला मजकूरच मोडका आहे) असा एरर येऊन अख्खं पेज पडतं. कोलेशन (अक्षरं जुळवण्याचे डेटाबेसचे नियम) तपासलं, ठीक आहे. ऑडिट तोंडावर आलंय आणि काउंटरवरच्या ताई रोज फोन करतायत, अ‍ॅप की (ज्या गुप्त किल्लीने हे एनक्रिप्ट होतं ती) नवीन जनरेट करून बघू का?

हडपसर_डेव्ह:
की ला अजिबात हात लावू नका!! आज जे उघडतायत तेही बंद होतील. की चुकली असती तर 'द मॅक इज इनव्हॅलिड' आलं असतं (मॅक म्हणजे की वापरून काढलेली, डेटा बदलला नाही ना हे तपासायची खूण), तुमचा एरर वेगळा आहे. कॉलमचा टाइप काय?

कोथरूडकर:
व्हारकॅर २५५, म्हणजे जास्तीत जास्त २५५ कॅरेक्टर. पण पत्ता जेमतेम २०-२५ अक्षरांचा असतो हो

सिंहगड_रोड:
मेख तिथेच आहे. डेटाबेसमध्ये नुसता पत्ता जात नाही, आयव्ही (दर वेळी नवा रँडम आकडा), व्हॅल्यू (एनक्रिप्ट झालेला पत्ता), मॅक असं जेसन (नाव-किंमत जोड्यांचा मजकूर) बनून त्याचं बेस६४ (साध्या इंग्रजी अक्षरांतलं, लांबी वाढवणारं रूप) जातं, आणि मराठीचं एक अक्षर, काना, मात्रा प्रत्येकी ३ बाइट खातं. 'सदाशिव पेठ, पुणे' म्हणजे ४२ बाइट, त्याचं एनक्रिप्ट होऊन २५६ कॅरेक्टर होतात, शेवटचं एक बरोबरचं चिन्ह कापलं जातं पण पीएचपी ते चालवून घेतं. त्याला मराठी आकड्यात ४११०३० जोडा, ६१ बाइट, थेट २८८ कॅरेक्टर, शेपूट तुटलं की जेसन मोडलं. तोच पत्ता इंग्रजीत पिनकोडसकट २६ बाइट, म्हणून तो आरामात बसतो. आणि कापताना एरर आला नाही म्हणजे कॉन्फिगमध्ये स्ट्रिक्ट (जास्त लांब डेटा आला तर कापण्याऐवजी एरर देणारी सेटिंग) कोणीतरी फॉल्स केलंय, ते आधी बघा.

घाबरू नका, डेटा बहुतेक शाबूत आहे. जेसनमध्ये व्हॅल्यू आधी येते आणि मॅक नंतर, त्यामुळे ९५ बाइटपर्यंतच्या पत्त्यांचा फक्त मॅक आणि त्यामागचं तुटलंय. बॅकअप घ्या, कॉपीवर स्क्रिप्ट लिहा: बेस६४ उघडायचं, रेगेक्सने (पॅटर्नने मजकूर शोधून) आयव्ही आणि व्हॅल्यू काढायची, अ‍ॅप कीचा 'बेस६४:' हा भाग काढून उरलेलं डीकोड करायचं आणि पीएचपीच्या ओपनएसएसएल डिक्रिप्ट फंक्शनला एईएस-२५६-सीबीसी या एनक्रिप्शन पद्धतीने द्यायचं. मॅक स्वतः काढून उरलेल्या तुकड्याशी जुळवून घ्या, आंधळेपणाने सेव्ह करू नका, लोकांचे पत्ते आहेत.

हडपसर_डेव्ह:
+१, आणि कॉलम आधी टेक्स्ट करा मगच परत लिहा, नाहीतर पुन्हा कापलं जाईल

कोथरूडकर:
झालं!! स्ट्रिक्ट खरंच फॉल्स होतं. कॉलम टेक्स्ट केला, कॉपीवर स्क्रिप्ट चालवली, मॅकचे तुकडे जुळले. दोन लांबलचक पत्त्यांचा शेवट तेवढा गेला होता, गाव-तालुका-जिल्हा सगळं लिहिलेले, ते ताईंनी कपाटातल्या कागदी फॉर्मवरून परत भरले. सिंहगड_रोड, मनापासून आभार, मी रात्री की बदलणारच होतो.