पॅकर्स: घरचे वाढवायचे की बाहेरून आणायचे?

ॲपल्टनकर
30 ऑगस्ट 2025, सकाळी 9:12

मंडळी, प्रश्न माझ्या लेकीचा आहे. मला उत्तर देता आलं नाही म्हणून इथे टाकतोय.

जुलैअखेर तिला घेऊन ग्रीन बेला पॅकर्स या अमेरिकन फुटबॉल टीमचा ट्रेनिंग कॅम्प बघायला गेलो होतो. इथली पद्धत काही जणांना माहीत असेल. पॅकर्सचे खेळाडू लॅम्बो फील्ड या त्यांच्या स्टेडियममधून बाहेर पडतात. तिथे सायकली घेऊन पोरं उभी असतात. खेळाडू त्यातल्या एखाद्याची सायकल घेतो आणि रस्त्यापलीकडच्या सरावाच्या मैदानापर्यंत तीवर बसून जातो, पोरगं शेजारून त्याचं हेल्मेट घेऊन पळतं. माझ्या नऊ वर्षांच्या लेकीची जांभळी सायकल एका नवख्या मुलाने घेतली. ड्राफ्टमध्ये, म्हणजे दर वर्षी टीम्स आळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडतात त्यात, कोणीच न निवडलेला मुलगा. त्याचे गुडघे हँडलला लागत होते, म्हणून पाय बाहेर फाकवून टाचांनी पेडल मारत होता. "सीट वर करू का?" लेकीने विचारलं. तो म्हणाला, "नको, परत जाताना तुझे पाय पुरायचे नाहीत." हेल्मेट तिच्या दोन हातांत मावत नव्हतं, पोटाशी धरून पळाली. त्या दिवसापासून तो तिचा खेळाडू.

26 ऑगस्टला, मंगळवारी, टीमला 90 खेळाडूंचे 53 करायचे होते. त्यात त्याला काढलं. बुधवारी आमच्याकडे गणपती बसले. गुरुवारी मागच्या अंगणात बादलीत दीड दिवसाचं विसर्जन करून आत येतोय तोवर फोन वाजायला लागला, डॅलसहून मोठा बचावपटू मायका पार्सन्स आला. त्याच्यासाठी 2026 आणि 2027 च्या ड्राफ्टमधले पहिल्या राऊंडचे पिक (निवडीचे हक्क) दिले, केनी क्लार्क दिला, आणि पार्सन्सला 4 वर्षांचे 188 मिलियन डॉलर. ऑफिसात लोक नाचत होते. लेक म्हणाली, "बाबा, मग आपल्या खेळाडूला का काढलं?"

मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर तालमीच्या फुटबॉल मॅचेस बघत वाढलो. तिथे टीम म्हणजे पेठ. हल्ली तिथेही बाहेरचे, अगदी परदेशी खेळाडू येतात आणि त्यावरून कट्ट्यावर कडाक्याची भांडणं होतात. इथे दहा वर्षं "आम्ही आमची पोरं वाढवतो" ऐकवणारे लोक एका दिवसात बदलले, ते मला समजत नाही. जाणकारांनी सांगावं, टीम खरंच कशाने बांधली जाते?

मिलवॉकीकाका
30 ऑगस्ट 2025, दुपारी 1:40

तुमच्या लेकीचा प्रश्न मला लागला. जरा लांब लिहितो.

आधी "आपला" म्हणजे कोण ते बघू. तालमीसारखा पेठेत जन्मलेला इथे कोणी नसतो. मुलगा टेक्ससचा, कॅलिफोर्नियाचा, आणि एप्रिलमध्ये सात राऊंडच्या ड्राफ्टमध्ये कोणाच्या वाट्याला जाईल ते त्याच्या हातात नसतं. तेव्हा घरचा म्हणजे ज्याला पहिला करार आपण दिला, ज्याच्या चुका आपण सोसल्या, ज्याला आपल्या कोचने घडवला तो. केनी क्लार्क 2016 मध्ये पहिल्या राऊंडला आला आणि नऊ सीझन मधल्या गर्दीत दोन-दोन माणसं अंगावर घेत राहिला. परवा जो गेला तो घरचा गेला. त्याचं वाईट मला पार्सन्सच्या आनंदाइतकंच वाटलं.

आता पैशाचं. 2025 च्या सीझनला प्रत्येक टीमला पगारासाठी 279.2 मिलियन डॉलरची मर्यादा, श्रीमंत मालकालाही तेवढीच. ड्राफ्ट केलेल्या मुलाचा पहिला करार चार वर्षांचा, आणि 2011 पासून त्याची रक्कम पिकच्या नंबरवरून जवळपास ठरलेली. त्याआधी काय होतं? 2010 चा पहिला पिक सॅम ब्रॅडफर्ड याला 50 मिलियनची हमी मिळाली होती, पुढच्याच वर्षी कॅम न्यूटनचा अख्खा करार 22 चा. या एका बदलाने टीम बांधायचं गणित फिरलं. चांगला निघालेला पोरगा चार वर्षं बाजारभावाच्या किरकोळ भागात खेळतो, आणि वाचलेले पैसे जिथे भगदाड असेल तिथे घालता येतात. दोन रस्ते वेगळे आहेत असं लोक बोलतात, पण घरच्या पोरांनी वाचवलेल्या पैशातूनच बाहेरचा येतो.

मी इथे 1996 च्या थंडीत आलो. तेव्हाच्या ज्या टीमवर आम्ही जीव टाकला तिचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून डाव चालवणारा) ब्रेट फार्व 1992 मध्ये अटलांटाकडून पहिल्या राऊंडचा पिक देऊन आणलेला. रेजी व्हाइट 1993 चा फ्री एजंट (करार संपून मोकळा झालेला), 4 वर्षांचे 17 मिलियन. खेळाडूंना मोकळं होता यावं म्हणून जो खटला झाला, त्यालाच त्याचं नाव होतं. जानेवारी 1997 मध्ये सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, 35-21 जिंकली, त्यात व्हाइटने तीन सॅक केले (क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्याआधीच पाडलं) आणि 99 यार्ड पळून आलेला डेझमंड हॉवर्डही त्याच वर्षी बाहेरून घेतलेला. म्हणजे "आमची पोरं" ही काही इथली आदिम परंपरा नाही.

ती आणली टेड थॉम्पसन यांनी. 2005 ते 2017 ते जीएम, म्हणजे टीम निवडणारे जनरल मॅनेजर, होते. पहिल्याच ड्राफ्टमध्ये ॲरन रॉजर्स घसरत घसरत 24 व्या नंबरवर आला, घरात फार्व असताना त्यांनी तो घेतला आणि तीन वर्षं बसवून ठेवला. मग जेनिंग्ज, जॉर्डी नेल्सन, क्ले मॅथ्यूज. ट्रॅमन विल्यम्स आणि सॅम शील्ड्स तर ड्राफ्टमध्ये निवडलेही गेले नव्हते, अगदी तुमच्या सायकलवाल्या मुलासारखे. 2010 मध्ये डझनाहून अधिक खेळाडू जखमी यादीत गेले, तरी खालून पोरं येत राहिली आणि फेब्रुवारी 2011 मध्ये फायनलला स्टीलर्सना 31-25 हरवलं.

पण त्या टीममध्ये चार्ल्स वुडसन होता, 2006 मध्ये बाहेरून आलेला. ओकलंडमधली आठ वर्षं संपली होती आणि फारसं कोणी विचारत नव्हतं. 2009 मध्ये तो लीगचा सर्वोत्तम डिफेन्स खेळाडू ठरला. फायनलमध्ये पहिल्या हाफमध्येच त्याच्या खांद्याचं हाड मोडलं. मध्यंतरात तो पोरांशी बोलायला उभा राहिला आणि त्याला रडू फुटलं. मग हात झोळीत बांधून मैदानाच्या कडेला उभा राहिला. बाहेरचा माणूस घरचा कधी होतो, ते मी तेव्हा पाहिलं.

आता थॉम्पसन यांची चूकही सांगतो, कारण मी त्यांचा भक्त आहे आणि तरी सांगायला हवी. हात आखडता घेण्याचा अतिरेक झाला. स्वतःच ड्राफ्ट केलेला केसी हेवर्ड 2016 मध्ये जाऊ दिला, त्याने चार्जर्ससाठी त्याच वर्षी सात इंटरसेप्शन घेऊन (समोरच्याचे पास मधेच पकडून) लीगमध्ये पहिला नंबर काढला. जानेवारी 2017 मध्ये अटलांटात सुपर बोलआधीच्या सामन्यात आपली पाळी आली तेव्हा त्यांच्या हुलिओ जोन्सला धरायला उरला होता ड्राफ्टमध्ये न निवडलेला लडेरियस गंटर. बिचारा जीव तोडून पळत होता. जोन्सने 180 यार्ड काढले, हाफटाइमला 24-0, शेवटी 44-21 ने हरलो. मी टीव्ही बंद केला नाही, पण आवाज बंद केला. रॉजर्सच्या ऐन उमेदीचं एक वर्ष असं गेलं.

2019 मध्ये नव्या जीएमनी मार्चमध्ये एका दमात चार फ्री एजंट घेतले. झडेरियस स्मिथने 13.5 सॅक केले, प्रेस्टन स्मिथने 12. आदल्या वर्षी फक्त 6 जिंकलेली टीम 13-3 (13 विजय, 3 पराभव) झाली. घरची पोरं तीच, चार भगदाडं बुजली.

उलटही घडतं. 13 मार्च 2018 ला जॉर्डी नेल्सनला काढला आणि त्याच दिवशी जिमी ग्रॅहमला तीन वर्षांच्या 30 मिलियनवर घेतला. ग्रॅहम दोनच सीझन टिकला. माझ्याकडे 87 नंबरची जर्सी आहे, बाहीचा शिवण उसवलेला. अजून घालतो.

पासाडेनाची
30 ऑगस्ट 2025, संध्याकाळी 6:05

काका, सगळं पटलं, पण धीर धरण्याचं कौतुक जरा जास्त होतंय. मी लॉस एंजेलिसच्या रॅम्सवाली. आम्ही क्वार्टरबॅक मॅथ्यू स्टॅफर्डसाठी दोन फर्स्ट राऊंड, एक थर्ड आणि जॅरेड गॉफ दिला. जेलन रॅमझीसाठी आधीच दोन फर्स्ट दिले होते, व्हॉन मिलरसाठी सेकंड आणि थर्ड. सगळे म्हणत होते, उद्याचं काय? फेब्रुवारी 2022 मध्ये बेंगल्सना 23-20 हरवून कप घरी आला. क्वार्टरबॅकचे खांदे कायम टिकत नाहीत. वय उलटून चाललेलं असताना "मुलं तयार होतील" म्हणत बसणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

पुढच्या वर्षी आम्ही 5-12 झालो, तेही सांगते. त्या हिवाळ्यात स्टेडियममधून घरी येताना गाडीत कोणी बोलत नसे. तरी मला त्या सौद्याचा पश्चात्ताप नाही.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूची. त्या फायनलचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) कूपर कप, 2017 चा तिसऱ्या राऊंडचा. शेवटच्या मिनिटात क्वार्टरबॅकवर झडप घालून सामना संपवणारा ॲरन डॉनल्ड, 2014 चा आमचाच ड्राफ्ट. आणि 2017 ते 2023 एकदाही पहिल्या राऊंडला निवड न करता आम्ही पुन्हा उभे राहिलो ते पाचव्या राऊंडच्या पुका नाकुआ आणि कायरन विल्यम्समुळे. फर्स्ट राऊंड विकणाऱ्याला खालच्या राऊंडमध्ये बारीक नजर लागते, नाहीतर रस्त्यावर येतो.

डेलावेअरकाठ
31 ऑगस्ट 2025, सकाळी 8:20

फिलाडेल्फियातून, आमच्या ईगल्सची, दोन उदाहरणं देतो.

2011 मध्ये आम्ही बाजारातले सगळ्यात मोठे खेळाडू उचलले. नामदी असोमुआला 60 मिलियनचा करार. टीममधल्याच एकाने "ड्रीम टीम" म्हटलं. 8-8.

2024 मध्ये सेक्वॉन बार्कली आला, त्याने 2,005 यार्ड पळून काढले, ते सगळ्यांना माहीत आहे. मला जास्त भावतो झॅक बॉन. न्यू ऑर्लिन्समध्ये बाजूला पडलेला, एका वर्षाच्या 3.5 मिलियनवर आला, आम्ही त्याची जागा बदलली आणि तो ऑल-प्रो झाला, म्हणजे लीगच्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीत आला. पण बार्कलीला वाट कोणी करून दिली? 2013 चा लेन जॉन्सन आणि सातव्या राऊंडचा जॉर्डन मायलाटा. मायलाटा ऑस्ट्रेलियात रग्बी खेळत होता, इथे येईपर्यंत त्याने अमेरिकन फुटबॉलची एकही मॅच खेळली नव्हती. त्याला वर्षानुवर्षं एकाच कोचने हाताला धरून पाय कसे टाकायचे ते शिकवलं. पैसे मोजून असा माणूस बाजारात मिळत नाही, कारण कोणी तो तयार केल्याशिवाय बाजारात येतच नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये फायनलला चीफ्सना 40-22 हरवलं ते या रांगेच्या जोरावर.

मिलवॉकीकाका
31 ऑगस्ट 2025, सकाळी 10:02

पासाडेनाची ताई, रॉजर्सवर अन्याय झाला हे मी वरच मान्य केलं आहे. तुमचा मुद्दा घेतो.

ॲपल्टनकर, एक बारीक गोष्ट राहिली. पार्सन्स फ्री एजंट नव्हता. फ्री एजंटला फक्त पैसे द्यावे लागतात. पार्सन्सचे पैसे तर दिलेच, शिवाय पुढच्या दोन वर्षांची दोन उत्तम रोपंही दिली. म्हणून या सौद्याचा निकाल पार्सन्सच्या सॅकवर लागणार नाही. 2026 आणि 2027 मध्ये दुसऱ्या-तिसऱ्या राऊंडला कोण सापडतो, आणि काढलेल्या मुलांमधून कोण परत येतो, त्यावर लागेल. पिक विकले की सायकलवर बसून येणाऱ्या पोरांची किंमत वाढते. तुमच्या लेकीला हे सांगा. 53 मध्ये न बसलेल्यांपैकी काहींना प्रॅक्टिस स्क्वॉडवर (सरावापुरत्या राखीव यादीत) ठेवतात, बाकीचे दुसरीकडे जातात. ट्रॅमन विल्यम्स असाच वाट काढत आला.

तिचा "आपला" पुढे कुठे लागला ते कळलं का?

ॲपल्टनकर
31 ऑगस्ट 2025, रात्री 8:47

सगळ्यांचे मनापासून आभार. पैशाची बाजू पहिल्यांदा नीट उलगडली. मायलाटाची गोष्ट लेकीला जेवताना सांगितली, ती घास तोंडात धरून ऐकत होती.

काका, नाही कळलं. प्रॅक्टिस स्क्वॉडच्या यादीत त्याचं नाव नाही, दुसऱ्या कुठल्या टीमच्या यादीतही मला सापडलं नाही. आज संध्याकाळी लेकीने सायकल पुसली. या उन्हाळ्यात तिची उंची वाढली आहे, म्हणून सीट वर करून देऊ का विचारलं. पुढच्या जुलैपर्यंत राहू दे म्हणाली.

विल्यम्सचं ते कसं झालं, ड्राफ्टमध्ये न निवडलेला मुलगा आपल्याकडे कुठून आला, ते सविस्तर लिहाल का? तिला वाचून दाखवायचं आहे.

मिलवॉकीकाका
31 ऑगस्ट 2025, रात्री 9:15

लिहितो. ह्यूस्टनने त्याला घेऊन सोडून दिलं तिथून सुरुवात करावी लागेल. उद्या लेबर डेची सुट्टी आहे, सकाळी चहा झाला की बसतो.